दक्षिणेची पहिली आगगाडी जिथून सुटली, त्या रोयापुरमचे पुढे काय?

जॉर्ज टाउन (चेन्नई) : चेन्नई बीच स्थानकातून अरक्कोणम किंवा गुम्मिडीपूंडीकडे निघालेली लोकल काही मिनिटांतच रोयापुरम स्थानकात थांबते. फलाटावर चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची संख्या बेताचीच असते. लांब पल्ल्याच्या गाडीसाठी सामान घेऊन आलेला प्रवासी येथे सहसा दिसत नाही. मात्र रुळांच्या कडेला उंच स्तंभांची, युरोपीय धाटणीची जी जुनी इमारत उभी आहे, तिच्यापासून दक्षिण भारतातील रेल्वेचा इतिहास सुरू होतो. १८५६ मध्ये उद्घाटन झालेली ही वास्तू भारतातील आज उभ्या असलेल्या रेल्वे स्थानकांच्या इमारतींपैकी सर्वांत जुनी मानली जाते. मुंबईत बोरीबंदरचे आणि ठाण्याचे मूळ स्थानक काळाच्या ओघात नाहीसे झाले. रोयापुरमचे मात्र टिकले.

इमारत टिकली, पण तिचे काम गेले. एके काळी दक्षिणेचे रेल्वे प्रशासन जेथून चालत असे, ते गाव आज उपनगरी मार्गावरील एक साधा थांबा आहे. येथे पुन्हा लांब पल्ल्याच्या गाड्या सुरू कराव्यात, अशी उत्तर चेन्नईतील रहिवाशांची अनेक वर्षांपासूनची मागणी आहे. ती समजून घ्यायची, तर रेल्वे या जागी का आली आणि येथून का निघून गेली, हे दोन्ही पाहावे लागते.

रेल्वे येथेच का आली?

सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उत्तरेस वसलेली व्यापाऱ्यांची वस्ती ब्रिटिश काळात ‘ब्लॅक टाउन’ या नावाने ओळखली जाई. १९११ मध्ये सम्राट पाचवा जॉर्ज यांच्या नावावरून तिला ‘जॉर्ज टाउन’ हे नाव मिळाले. मद्रासचा घाऊक व्यापार, पेढ्या, गोदामे आणि जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या याच परिसरात होत्या. थॉमस पॅरी यांनी १७८८ मध्ये सुरू केलेल्या पेढीचे नाव येथील ‘पॅरीज कॉर्नर’ने आजही जपले आहे. जवळच्या ‘सौकारपेट’ या नावातील सावकार आणि पेठ हे दोन्ही शब्द मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या काळी मद्रासला बांधीव बंदर नव्हते. जहाजे किनाऱ्यापासून दूर नांगर टाकत आणि माल व प्रवासी ‘मसुला’ नावाच्या होड्यांतून आणले जात. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून काथ्याने शिवलेल्या असत. त्यामुळे किनाऱ्यावर आदळणाऱ्या लाटांचा मार त्या सहन करू शकत. त्या वल्हवणारे नावाडी आणि मच्छीमार जॉर्ज टाउनच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर राहत. त्यांच्यातील अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. येथील सेंट पीटर चर्च नावाड्यांच्याच पुढाकारातून १९व्या शतकाच्या पूर्वार्धात उभे राहिले. पीटर या संताला तमिळमध्ये ‘रायप्पर’ म्हणतात. त्यावरून रायपुरम आणि इंग्रजी वळणाने रोयापुरम हे नाव रूढ झाले.

म्हणजेच रेल्वे येण्यापूर्वी येथे माल होता, माल वाहणारे हात होते आणि मालात पैसा गुंतवणारे व्यापारी होते. मद्रास रेल्वे कंपनीने स्थानकासाठी किल्ल्याच्या उत्तरेकडील ही जागा निवडली, त्यामागे हेच कारण होते. देशाच्या अंतर्भागातील कापूस, नीळ, धान्य आणि कातडी समुद्रापर्यंत आणायची आणि आयात माल आत न्यायचा, तर रूळ किनाऱ्यापर्यंत पोहोचणे आवश्यक होते.

१८५६ ची गाडी

मद्रासला रूळ अगदीच नवे नव्हते. १८३७ मध्ये शहराजवळच्या रेड हिल्स भागातून रस्ताबांधणीसाठी दगड आणण्याकरिता एक छोटा लोहमार्ग टाकण्यात आला होता. तथापि, प्रवाशांची नियमित वाहतूक प्रथम सुरू झाली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर. पुढच्याच वर्षी हावडा ते हुगळी ही गाडी धावली. मद्रासचा क्रमांक तिसरा लागला.

रोयापुरम येथून लोहमार्ग टाकण्याचे काम १८५३ मध्ये सुरू झाले. तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांनी २८ जून १८५६ रोजी स्थानकाचे उद्घाटन केले आणि १ जुलैपासून रोयापुरम ते वालाजा रोड या सुमारे १०० किलोमीटरच्या मार्गावर वाहतूक सुरू झाली. वालाजा रोड हे अर्काट शहराजवळचे स्थानक. मुंबईच्या वाचकांना या गव्हर्नरांच्या घराण्याचे नाव निराळ्या कारणाने परिचित आहे. त्यांचे पुत्र पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले आणि शालेय क्रिकेटमधील ‘हॅरिस शील्ड’ स्पर्धा त्यांच्याच नावाने खेळली जाते.

या लोहमार्गांसाठी लागणारे भांडवल लंडनमध्ये उभारले गेले. गुंतवणूकदारांना साधारणपणे ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती. उत्पन्न कमी पडले, तर फरक भारताच्या महसुलातून भरून दिला जाई. त्यामुळे कंपन्यांना जोखीम फारशी नव्हती आणि विस्तार वेगाने झाला. १८६२ पर्यंत मद्रासची रेल्वे पश्चिम किनाऱ्यावरील बेपूरला जाऊन भिडली. १८७१ मध्ये वायव्येकडे जाणारा फाटा रायचूरला पोहोचला आणि तेथे मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे आलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या रुळांशी जोडला गेला. मुंबई आणि मद्रास ही दोन शहरे त्या वर्षी प्रथमच रेल्वेने जोडली गेली.

रेल्वेचे गाव कसे घडते?

वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी आणि कोळसा लागे. इंजिनाची तपासणी करावी लागे, चालक आणि गार्ड बदलावे लागत. अमेरिकेत साधारण १०० मैलांचा टप्पा हा इंजिन कर्मचाऱ्यांचा एका दिवसाचा कामाचा हिशेब मानला जाई. त्यामुळे लोहमार्गावर तेवढ्या-तेवढ्या अंतराने इंजिनांचे गोठे, दुरुस्तीचे कारखाने, कामगारांची घरे आणि त्यांच्याभोवती बाजारपेठा उभ्या राहिल्या. पेनसिल्व्हेनियातील अल्टूना हे गाव १८४९ मध्ये एका रेल्वे कंपनीनेच वसवले. नेब्रास्कातील नॉर्थ प्लॅट १८६६ मध्ये युनियन पॅसिफिकच्या रुळांबरोबर माळरानावर उगवले. जगातील सर्वांत मोठ्या रेल्वे यार्डांपैकी एक आजही तेथे आहे.

महाराष्ट्रात हीच प्रक्रिया भुसावळ, मनमाड, दौंड आणि इगतपुरी येथे दिसते. घाट चढण्यासाठी गाडीला जादा इंजिन जोडायचे म्हणून इगतपुरी वाढली. नागपूर आणि खंडव्याकडे जाणारे मार्ग जेथे फुटतात, तेथे भुसावळ मोठे झाले. अशा गावांत दिवसाचे वेळापत्रक सूर्यावर नव्हे, तर गाड्यांवर आणि कारखान्याच्या भोंग्यावर ठरत असे.

रोयापुरम याच कुळातले, मात्र एका बाबतीत निराळे. येथे रेल्वेने ओसाड जागी गाव वसवले नाही. आधीच नांदत असलेल्या वस्तीत तिने आपले बिऱ्हाड मांडले. परिणामी नावाडी, मच्छीमार आणि हमाल यांच्या शेजारी सांधेवाले, खलाशी, फायरमन, गार्ड आणि कारकून राहू लागले. रेल्वेच्या नोकरीत मोठ्या संख्येने असलेल्या अँग्लो-इंडियन समाजाची वस्ती रोयापुरम, पेरांबूर आणि पुढे अरक्कोणम, जोलारपेट येथे वाढली. इंजिनचालक आणि गार्ड यांसारख्या जबाबदारीच्या जागा ब्रिटिश काळात प्रामुख्याने युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कर्मचाऱ्यांकडे असत. कष्टाची आणि कमी वेतनाची कामे स्थानिक तमिळ व तेलुगू कामगारांच्या वाट्याला येत. रेल्वे वसाहतीतील घरांचा आकारही या उतरंडीनुसार ठरत असे.

व्यापारानिमित्त मद्रासला आलेल्या पारशी कुटुंबांनीही रोयापुरमलाच घर केले. त्यांची अग्यारी १९१० मध्ये येथे उभी राहिली. तमिळनाडूतील ती एकमेव अग्यारी आहे. कोळीवाडा, चर्च, अग्यारी आणि रेल्वेची वसाहत एकाच परिसरात असलेले हे गाव माझगाव किंवा भायखळ्याच्या जुन्या रहिवाशाला परके वाटणार नाही.

कारखान्यांसाठी मात्र किनाऱ्यालगत पुरेशी जागा नव्हती. मद्रास रेल्वेचे कारखाने त्यामुळे पश्चिमेला काही अंतरावर, पेरांबूर येथे सुरू झाले. पुढे पेरांबूर हीच मद्रासची मोठी कामगारवस्ती झाली. १९१८ मध्ये तेथील कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी स्थापन झालेली ‘मद्रास लेबर युनियन’ ही देशातील पहिल्या संघटित कामगार संघटनांपैकी एक होय. १९५५ मध्ये त्याच परिसरात सुरू झालेला ‘इंटिग्रल कोच फॅक्टरी’ हा डब्यांचा कारखाना आज ‘वंदे भारत’ गाड्यांमुळे देशभर ओळखला जातो.

नावातला ‘मराठा’

रोयापुरमचा महाराष्ट्राशी असलेला संबंध केवळ रायचूरच्या जोडणीपुरता मर्यादित नाही. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात अन्नधान्य वेळेवर पोहोचू शकले नाही. त्यानंतर धारवाड, बेळगाव, विजापूर या पट्ट्यात रेल्वे नेण्याची निकड सरकारला जाणवली. इंग्रज या प्रदेशाला ‘सदर्न मराठा कंट्री’ म्हणत. त्यावरून १८८२ मध्ये ‘सदर्न मराठा रेल्वे’ ही कंपनी स्थापन झाली. पुण्याहून मिरजमार्गे लोंढ्याकडे जाणारा मीटरगेज मार्ग तिचाच. १८९१ मध्ये सुरू झालेली कोल्हापूर संस्थानची मिरज-कोल्हापूर रेल्वेही याच कंपनीकडून चालवली जात असे.

१९०८ मध्ये मद्रास रेल्वे आणि सदर्न मराठा रेल्वे यांचे एकत्रीकरण होऊन ‘मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे’ अस्तित्वात आली. तिचे मुख्यालय १९२२ पर्यंत रोयापुरमला होते. याचा अर्थ असा की, १९०८ ते १९२२ या काळात मिरज जंक्शनवरील स्टेशन मास्तर ज्या कंपनीच्या नोकरीत होता, तिचा कारभार बंगालच्या उपसागराच्या काठावरील या गावातून चालत असे. मिरज, बेळगाव, हुबळी, गुंटकल, बेझवाडा आणि मद्रास ही सारी एकाच रेल्वेची ठाणी होती. १९४४ मध्ये सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली. १४ एप्रिल १९५१ रोजी ती दक्षिण रेल्वेत विलीन झाली आणि ‘मराठा’ हे नाव रेल्वेच्या नकाशावरून गेले.

गाव मागे कसे पडले?

रोयापुरमची घसरण एका दिवसात झाली नाही. त्याची कारणे रूळ आणि समुद्र या दोहोंत आहेत.

पहिले कारण बंदराचे. मद्रासला कृत्रिम बंदर बांधण्याचे काम १८७० च्या दशकात सुरू झाले. १८८१ च्या चक्रीवादळाने ते बरेचसे उद्ध्वस्त केले. ते पुन्हा उभारून वाढवले गेले. बंदराचा पसारा वाढत गेला, तसतशी किनाऱ्यालगतची जागा मालवाहतुकीच्या रुळांनी आणि गोदामांनी व्यापली. प्रवासी गाड्यांसाठी रोयापुरम अपुरे पडू लागले. १८७३ मध्ये शहराच्या मध्यभागाजवळ, पार्क टाउन येथे दुसरे मोठे स्थानक सुरू झाले. तेच आजचे चेन्नई सेंट्रल.

दुसरे कारण मार्गाचे. १९०७ च्या सुमारास किनाऱ्यालगतचा लोहमार्ग दक्षिणेकडे वाढवण्यात आला आणि रोयापुरम शेवटचे स्थानक राहिले नाही. लांब पल्ल्याच्या गाड्या सेंट्रलला थांबू लागल्या. १९२२ मध्ये कंपनीचे मुख्यालयही सेंट्रलशेजारील नव्या भव्य इमारतीत गेले. आज दक्षिण रेल्वेचा कारभार तेथूनच चालतो. शहरही दक्षिणेकडे सरकत होते. १९३१ मध्ये बीच ते तांबरम हा मीटरगेज मार्ग विजेवर धावू लागला. त्याच्या दोन्ही बाजूंनी नवी उपनगरे उभी राहिली.

तिसरे कारण समुद्राने घडवले. या किनाऱ्यावर वाळू वर्षभरात प्रामुख्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. बंदराच्या भिंतींनी ती अडवली. परिणामी बंदराच्या दक्षिणेस वाळू साचून मरीना किनारा रुंद झाला. उत्तरेस रोयापुरमकडील किनाऱ्याला वाळूचा पुरवठा थांबला आणि लाटांनी तो खाण्यास सुरुवात केली. तेथे दगडांचे बांध घालण्याची वेळ आली. चेन्नईचे पर्यटक ज्या वाळूवर संध्याकाळी फिरतात, तिची किंमत उत्तरेकडच्या कोळीवाड्यांनी मोजली आहे. उत्तर चेन्नईत ‘शहराने आमच्याकडून घेतले, परत दिले नाही’ अशी जी भावना ऐकू येते, तिला हा भूगोलाचा आधार आहे.

आज येथे काय चालते?

रोयापुरम निर्जीव झालेले नाही. येथील विद्युत इंजिनांचे लोको शेड दक्षिण रेल्वेच्या महत्त्वाच्या शेडपैकी एक आहे. देशाच्या कानाकोपऱ्यात जाणाऱ्या एक्सप्रेस गाड्यांना जोडल्या जाणाऱ्या शक्तिशाली इंजिनांची देखभाल तेथे होते. तेथील तंत्रज्ञ इंजिनाचे ब्रेक, मोटारी आणि छतावरील पेंटोग्राफ तपासून ते मार्गावर धाडतात. त्यामुळे विचित्र स्थिती निर्माण झाली आहे. लांब पल्ल्याची इंजिने रोयापुरमला येतात, रोयापुरमच्या प्रवाशाला मात्र ती गाडी पकडण्यासाठी सेंट्रलला किंवा एग्मोरला जावे लागते.

बंदराची मालवाहतूक याच पट्ट्यातून होते. उत्तरेला काही अंतरावर कासिमेडूचे मासेमारी बंदर आहे. पहाटे तेथे लिलाव होतात आणि मासळीच्या पाट्या शहराच्या सर्व भागांत जातात. पश्चिमेकडच्या वस्त्यांमधून २०२१ पासून मेट्रोही धावू लागली आहे. अँग्लो-इंडियन कुटुंबांपैकी अनेकजण स्वातंत्र्यानंतर इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाला गेले. पारशी समाजाची संख्या घटली. तरीही रेल्वेत दुसऱ्या-तिसऱ्या पिढीने काम करणारी तमिळ, तेलुगू घरे या परिसरात आहेत.

मागणी आणि अडचण

चेन्नईतील लांब पल्ल्याच्या गाड्यांचा भार दीर्घकाळ सेंट्रल आणि एग्मोर या दोन स्थानकांवर राहिला. पुढे शहराच्या दक्षिण टोकाला तांबरम येथे तिसरे टर्मिनल विकसित करण्यात आले. उत्तरेला तशी सोय झाली नाही. रोयापुरमकडे रेल्वेची मोठी सलग जागा आहे, ती मध्यवर्ती शहरापासून जवळ आहे आणि उत्तर व वायव्येकडे जाणारे रूळ येथून थेट निघतात, हा मागणी करणाऱ्यांचा युक्तिवाद आहे. एन्नोर, तिरुवोट्रियूर, तोंडियारपेट या औद्योगिक पट्ट्यातील कामगार कुटुंबांना, त्यातही बिहार, ओडिशा, आंध्र प्रदेशातून आलेल्यांना, त्याचा थेट लाभ होईल असे त्यांचे म्हणणे आहे.

अडचणीही खऱ्या आहेत. उपलब्ध जागेवर लोको शेड, उपनगरी मार्ग आणि बंदराचे मालमार्ग यांचा वापर सुरू आहे. टर्मिनल म्हणजे केवळ फलाट नव्हेत. गाड्या धुणे, पाणी भरणे, डब्यांची तपासणी करणे आणि गाड्या उभ्या करून ठेवणे यांसाठी स्वतंत्र मार्गिका लागतात. आसपासचे रस्ते अरुंद असून बंदराच्या कंटेनर ट्रकांनी ते आधीच भरलेले असतात. शिवाय मधोमध वारसा वास्तू उभी आहे. तिला धक्का न लावता नवे बांधकाम कसे करायचे, हा प्रश्न कोणत्याही आराखड्यापुढे उभा राहतो.

त्या वास्तूची २००५ मध्ये दुरुस्ती व रंगरंगोटी करण्यात आली. मात्र जुन्या इमारतीला केवळ रंग देऊन भागत नाही, तिला काम द्यावे लागते. मुंबईत भायखळा स्थानकाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तेथे गाड्यांची वर्दळ सुरू असतानाच जुन्या स्थानकाचे मूळ रूप परत आणण्यात आले आणि २०२२ मध्ये त्या कामाला युनेस्कोच्या आशिया-प्रशांत सांस्कृतिक वारसा पुरस्कारांत स्थान मिळाले. वापरातील स्थानक आणि वारसा यांची सांगड घालता येते, हे त्यातून दिसले.

वाफेची इंजिने गेल्यावर अमेरिकेतील अनेक रेल्वे गावे ओस पडली. काहींनी संग्रहालये उभारून गतवैभव जपले. रोयापुरमची स्थिती तशी नाही. येथे रूळ आहेत, इंजिने आहेत, काम करणारे हात आहेत आणि प्रवासीही आहेत. ज्या कारणाने १८५३ मध्ये ही जागा निवडली गेली, ते कारण, म्हणजे भरवस्तीशी आणि बंदराशी असलेली जवळीक, अजून कायम आहे. त्याचा लाभ फक्त मालाला द्यायचा की येथे राहणाऱ्या माणसांनाही, हा निर्णय तेवढा बाकी आहे.